निरंक

ब्राह्मणपुरी,
९ नोव्हेंबर २०२५

नवलसिंग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकलंस, तर मला ते कधी कळायचं नाही. म्हणून तू वाचतो आहेस असं धरून चालतो. वीस वर्षं झाली. तुझा पत्ता आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. तो मोलगीकडे शिक्षक आहे. म्हणाला, सर, बाजारात पिठाच्या गिरणीला लागून वसावेमामांचं दुकान आहे, मोटार न्या, शिलाई मशीन न्या, चालू करून देतात. फोन नंबर मागितला, तर म्हणाला, नंबर आहे पण मामा उचलत नाहीत. बरं करतोस. मीही उचलत नाही.

कामाचं बोलतो. माझी नात रुचिका, अमृतची मुलगी, बारावीला आहे. तिने बंगळूरच्या एका संस्थेचं नाव काढलंय. इंजिनीअरिंगच, पण वस्तू बनवायचं. सगळ्या देशातून साठ पोरं घेतात आणि अर्ज करतात आठ-नऊ हजार. तिथे नुसत्या मार्कांवर भागत नाही. स्वतः बनवलेली एक वस्तू दाखवावी लागते, तिच्याविषयी लिहावं लागतं, आणि त्यातून निवडलेल्यांची मुलाखत घेतात. आमच्या वेळी असं नव्हतं. असतं तर मी शेतीच केली असती.

रुचिकाने पपई उतरवायची काठी बनवली आहे. आमची पपई यंदा दुसऱ्या वर्षाची, झाडं उंच गेलीत. बाया स्टुलावर चढून फळ तोडतात, चीक हातावर गळतो, कातडी सोलून निघते. हिच्या काठीच्या टोकाला ट्यूबच्या रबराची वाटी आहे. खालून दोरी ओढली की वाटी अर्धा फेरा फिरते आणि देठ पिळून तुटतो. दोरी सोडली की वाटी जागेवर यायला हवी. ती येत नाही. आत पोलादी पट्टी घातलीय, पण स्क्रूसाठी भोक पाडलं की दहा-बारा ओढींत पट्टी तिथेच फाटते.

परवा तिने माझ्या कपाटातून ते लहरयंत्र काढलं. सायकलच्या स्पोकचं, मधोमध लांब पट्टी असलेलं. एका टोकाची स्पोक दाबली की लाट दुसऱ्या टोकाला पोचते. वीस वर्षांनीही पोचते. रुचिका म्हणाली, आजोबा, ही पट्टी कशी काय फाटली नाही? तुम्ही टोकं कशी बसवलीत?

मी म्हटलं, वयामुळे आठवत नाही. मला का आठवत नाही ते तुला ठाऊक आहे, इथे लिहीत बसत नाही. शेवटी म्हटलं, लॅबमध्ये एक परिचर होता, अकरा वर्षं, त्याला माहीत असेल. ती म्हणाली, मग विचारा ना.

तर विचारतो. टोकं कशी बसवली होतीस? अर्जाची शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. पोरगी हुशार आहे आणि या घरात हातातली कला असलेली पहिलीच. तिचं काम अडू नये एवढीच इच्छा.

भाईदास पाटील


ब्राह्मणपुरी,
२८ नोव्हेंबर २०२५

नवलसिंग,

तुझं पाकीट मिळालं. म्हणजे रुचिकाला मिळालं, कारण वर तिचं नाव होतं. कॅलेंडरच्या पानामागे काढलेलं चित्र तिने आता भिंतीवर लावलंय. भोक पाडायचं नाही, टोक तापवायचं नाही, सायकलच्या चेनची पिन घेऊन तिच्याभोवती पट्टी सावकाश गोल वळवायची. इतकं सोपं होतं ते. मी बारावीला पीळ आणि स्थितिस्थापकत्व बत्तीस वर्षं शिकवलं आणि मला हे सुचलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही.

खाली तू एकच ओळ लिहिलीस: "पट्टी कुठून आणली ते सरांना विचार." तिने विचारलं. मी लगेच सांगितलं, शहाद्याच्या जिनिंगमधून, कापसाच्या गाठी बांधायची पट्टी, भंगारात पडलेली. तुला वाटलं असेल, म्हातारा इथेही अडखळेल. नाही अडखळला. एवढं आठवतं.

पिन हातात ठरेना, म्हणून रुचिकाने ती बांबूच्या चिमट्यात धरून पट्टी वळवली. काठी आता चालते. अमृतच्या शेतात कौसाबाईने एका दिवसात चाळीस कॅरेट भरून पपई उतरवली. या कौसाबाईबद्दल तुला सांगायला हवं, कारण घरात सध्या तिच्यावरून वाजलंय. बाई म्हसावदकडची, बारा वर्षं आमच्याकडे पपईला येते. रुचिकाच्या पहिल्या काठीला पातं होतं, देठ कापायचं. कौसाबाई म्हणाली, कापू नको, पीळ. कापलं की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. फळ वाटीत कसं धरायचं, हात कुठून फिरवायचा, हे तिनेच दाखवलं. रुचिका पंधरा दिवस तिच्यामागे नुसती बघत हिंडली.

आता अर्जात एक रकाना आहे. तुम्हाला कोणी मदत केली, त्यांनी काय केलं आणि तुम्ही काय केलं. रुचिकाने त्यात अकरा ओळी लिहिल्या. सात कौसाबाईवर, दोन तुझ्यावर आणि दोन स्वतःवर. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई गं, अर्ज तुझा आहे की कौसाबाईचा? आठ हजार पोरं स्वतःची पाठ थोपटत असतील, आणि तू म्हणतेस देठ पिळायचा हेही मला दुसऱ्याने सांगितलं. मग तुला कशाला घेतील, तिलाच घेतील. मदतीच्या रकान्यात सरळ निरंक लिहायचं. बत्तीस वर्षं सरकारी फॉर्म भरलेत मी. रिकामा ठेवला तर परत येतो, खरं लिहिलं तर चौकशी लागते, निरंक लिहिलं की पुढे सरकतो.

ती म्हणाली, "आजोबा, मी निरंक नई लिखाव." मराठीत शिकलेली पोर, पण हट्टाला आली की अहिराणीत बोलते.

अमृतने वेगळाच पराक्रम केला. संस्थेला ओळखीच्या माणसाचं पत्र लागतं हे कळल्यावर तो कारखान्याच्या एका संचालकाकडून लेटरहेडवर पत्र घेऊन आला. 'सदर विद्यार्थिनी माझ्या परिचयाची असून शीलवान व होतकरू आहे, तरी तिला प्रवेश देण्याची कृपा करावी.' खाली गोल शिक्का. रुचिका हसून हसून खाली बसली. शेवटी तिच्या गणिताच्या मॅडमनी नीट पत्र दिलं.

कौसाबाईला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, मन्हं नाव कसाले टाकतस, मी काय शाळा शिकेल शे? मी रुचिकाला म्हटलं, बघ, तिलाच नकोय. रुचिकाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

चित्राबद्दल आभारी आहे.

भाईदास


ब्राह्मणपुरी,
१६ डिसेंबर २०२५

नवलसिंग,

काल अर्ज गेला. तुला कळवायची गरज नव्हती, पण चित्र तुझं होतं म्हणून कळवतो.

रुचिकाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, ती सकाळच्या गाडीने शहाद्याला गेली. अर्ज पूर्ण भरलेला होता. फक्त काठीचा व्हिडिओ चढायचा राहिला होता, कारण आमच्याकडचं नेट बैलगाडीच्या चालीने चालतं. ती मला म्हणाली, आजोबा, व्हिडिओ चढला की खालचं निळं बटण दाबा, दुसरं काही करू नका. व्हिडिओ चढायला दोन तास लागले. समोर अर्ज उघडा होता. मी तो पहिल्यापासून वाचला. मास्तर माणसाच्या हाताला खोड असते, कुठे काही खटकलं की हात आपोआप जातो. थोडी साफसफाई केली आणि बटण दाबलं.

अर्ज मजबूत झाला आहे. माझी खात्री आहे.

तुझ्याकडे थंडी फार असेल. इथेही पपईला कापड गुंडाळलंय. लहरयंत्र रुचिकाच्या टेबलावर असतं. तिने ते उलटं करून पाहिलं तेव्हा लाकडी बैठकीखाली पंचच्या टोकाने ठोकलेले बारीक ठिपके सापडले, जोडले की 'न' होतो. मला विचारत होती, हे काय. मी म्हटलं, लाकूड कुणी पाठवलं त्याची खूण असेल.

तू ते कधी ठोकलंस? मी इतक्या वर्षांत एकदाही उलटं करून पाहिलं नव्हतं.

भाईदास


ब्राह्मणपुरी,
८ फेब्रुवारी २०२६

नवलसिंग,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितो, आता जे होईल ते.

रुचिकाचं नाव पहिल्या दोनशेत आलं. परवा मुलाखत झाली, फोनवरच, पण चेहरा दिसणारी. त्यांना काठी चालताना बघायची होती, म्हणून ती शेतात उभी राहिली, अमृतने फोन धरला. मी बांधावर बसलो होतो. सगळं झकास चाललं होतं. पोरगी घाबरली नाही, इंग्रजीत अडली की हिंदीत बोलली.

मग पॅनलमधल्या बाईंनी विचारलं, पट्टीचं टोक पिनेभोवती गोल वळवलंय, हे फार जुन्या हाताचं काम वाटतं. तुला एकटीला कसं सुचलं? अर्जात तर मदतीच्या रकान्यात तू 'निल' लिहिलं आहेस.

मी तिच्या अकरा ओळी पुसून तीन इंग्रजी अक्षरं टाकली होती. ती माझी साफसफाई.

रुचिकाने काठी झाडाला टेकवली. मग म्हणाली, ते मी लिहिलेलं नाही आणि ते चूक आहे. अमृतच्या हातातून फोन घेतला आणि तशीच कौसाबाईकडे गेली. कौसाबाई हातात पपई घेऊन उभी होती. रुचिकाने सांगितलं, पिळायचं हिने शिकवलं, वाटीची खोली हिने ठरवली, आणि टोक वळवायचं मोलगीच्या नवलसिंग वसावेंनी. त्यांनी कौसाबाईला विचारलं, खरं का? ती फोनकडे न बघता रुचिकाकडे बघून म्हणाली, "काठी पोरनीच बनाडी. मी फक्त सांगं, कापू नको, पीळ." तिला वाटलं ती स्वतःला लहान करतेय. पण पॅनलमधले दोघे ते लिहून घेत होते.

मग त्यांनी विचारलं, अर्जात निल कोणी लिहिलं? रुचिका म्हणाली, घरच्यांकडून चूक झाली. माझं नाव घेतलं नाही. मी दहा पावलांवर बसलो होतो, नवलसिंग. सतरा वर्षांच्या पोरीने मला पाठीशी घातलं आणि तिची जागा धोक्यात घातली. वाटलं, बांधावरून उठूच नये.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"आजोबा, तुम्हीच करं ना?"

मी म्हटलं, हो.

"कसाले?"

मी म्हटलं, अर्ज मजबूत व्हावा म्हणून. ती उठली, लहरयंत्र आणून माझ्यासमोर उलटं ठेवलं आणि त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आनि हाई?"

मग मला सांगावं लागलं. सांगितलं, की २००४ साली राज्याच्या प्रदर्शनात शिक्षकांनी बनवलेल्या उपकरणांना बक्षीस होतं. हे यंत्र आम्ही दोघांनी मिळून बनवलं. फॉर्मवर रकाना होता, साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचे नाव. माझं विभागप्रमुखपद तेव्हा अडलं होतं, फाईलला वजन हवं होतं, म्हणून मी लिहिलं निरंक. यंत्राला पहिला नंबर मिळाला. कॉलेजात सत्कार झाला, मला ढाल दिली, आणि त्या सत्काराला चहा नवलसिंगने फिरवला. माझ्यापुढे कप धरून तो म्हणाला, घ्या सर. महिनाभराने त्याने नोकरी सोडली.

रुचिका एवढंच म्हणाली, आणि तुम्ही तो चहा प्यालात?

प्यालो होतो. साखर जास्त होती, तेही आठवतं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चष्मा इथे आहे, गोळी घ्या, बस. ते मला सोसत नाही.

आता मुख्य गोष्ट. काल संस्थेची मेल आली. अर्ज आणि मुलाखत जुळत नाहीत, म्हणून त्यांनी तिची निवड थांबवली आहे. जिने आणि ज्याने मदत केली त्या दोघांनी स्वतः लिहून द्यावं, काय मदत केली आणि काय नाही. २० फेब्रुवारीपर्यंत पोचलं नाही, तर अर्ज बंद. कौसाबाई सांगेल ते अमृत लिहून घेणार आहे, ती सही करते. राहिलास तू.

तू लिहावंस असं मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्या रकान्यातून मी तुला पुसलं, त्यातच आता तुझं नाव लिही म्हणतोय, कारण या वेळी आम्हाला गरज आहे. तू नाही लिहिलंस तर पोरीची जागा जाईल, आणि तो दोष माझा असेल, तुझा नाही. हे मी तिला सांगितलं आहे, अमृतलाही.

मला माफ कर, हे वीस वर्षं उशिरा लिहितो आहे. लिहिताना लाज वाटते. ती वाटायलाच हवी.

भाईदास


ब्राह्मणपुरी,
२८ फेब्रुवारी २०२६

नवलसिंग,

रुचिकाला जागा मिळाली. काल कळलं. साठांत तिचा नंबर एकावन्नावा, पण आत म्हणजे आत. अमृतने गावभर पेढे वाटले. पहिला पेढा रुचिकाने शेतात जाऊन कौसाबाईला दिला. कौसाबाईने तो अर्धा करून तिच्याच तोंडात घातला आणि म्हणाली, आते माले काठी ठी जाय, बंगळूरले लई जाऊ नको. रुचिकाने काठी तिलाच दिली. स्वतःसाठी ती दुसरी करतेय.

तुझं पत्र १८ तारखेला आलं, तुझ्या भाच्याने मोटरसायकलवरून आणून दिलं. रुचिकाने मला वाचू दिलं, एवढी मेहेरबानी केली. तू लिहिलंस: मी एक चित्र पाठवलं. पट्टी पिनेभोवती वळवायला सांगितलं. पिन बांबूच्या चिमट्यात धरून वळवायची युक्ती मला माहीत नव्हती, ती हिची आहे. बाकी काठी मी पाहिलेलीही नाही. सही.

चार ओळी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मनात आणलं असतंस तर जास्त लिहू शकला असतास, कमीही. माझ्याविषयी तर अवाक्षर नाही. मी ते पत्र पुनःपुन्हा वाचलं. एखाद्या माणसाचं काम जेवढं असेल तेवढंच लिहायचं, हे इतकं साधं असतं, आणि मी ते आयुष्यभर अवघड समजत आलो.

आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं की 'आम्ही दोघांनी मिळून बनवलं' असं रुचिकाला सांगितलं. तेही खोटं होतं. तू ते वाचलंस आणि तरीही तिला पत्र दिलंस. तुझं पत्र वाचल्यावर मी तिला बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं. पट्टी तू आणलीस, स्पोक तू मोजून कापल्यास, टोकांना मणी तू लावलेस. दिवाळीच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून तू ते केलंस आणि मी गावी होतो. परत आलो तेव्हा यंत्र टेबलावर तयार होतं. मी स्पोक दाबली, लाट गेली, आणि मी म्हटलं, अरे वा, आपलं काम झालं. त्या 'आपलं'मध्ये मी सगळं घातलं. आयत्या बिळावर नागोबा.

रुचिका ऐकत होती. मग तिने चहा केला आणि बारा-तेरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशेजारी बसून प्याली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

परवा होळीला ती अमृतबरोबर काठी गावाला येणार आहे. तुमची राजवाडी होळी तिला बघायची आहे, आणि त्याआधी तुझं दुकान. नवी काठी घेऊन येईल, तू पाहिली नाहीस म्हणालास ना, पाहा आणि चुका काढ. लहरयंत्रही तिच्याजवळ देतोय, ते तुझं आहे. पिशवीत ती ढालही आहे. पितळेची आहे, वितळव, कुणाच्या मोटारीला बुश कर, तुला वाटेल ते कर. मी येत नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर समजेन.

एक काम मात्र केलं. जुन्या कागदांत मला त्या फॉर्मची कोरी प्रत सापडली. ती गेल्या आठवड्यात नव्याने भरली, एक प्रत शिक्षण खात्याला आणि एक कॉलेजला टपालाने पाठवली. प्राचार्यांचा फोन आला होता, म्हणाले, सर, वीस वर्षांपूर्वीची फाईल कोण उघडणार? मी म्हटलं, उघडू नका, पण वर लावून ठेवा. तिसरी प्रत तुझ्यासाठी. यात काही राहिलं असेल तर कळव, सुधारून परत पाठवीन.

भाईदास

उपकरणाचे नाव: लहरयंत्र
साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचे नाव: नवलसिंग वसावे, प्रयोगशाळा परिचर
साहाय्याचे स्वरूप: कल्पना, साहित्य, बांधणी, रंगकाम
अर्जदाराने स्वतः केलेले काम: निरंक